आप्पांचं नाक

रांजण उघडायचा दिवस आत्यांनी ठरवला. खरं तर त्यांना ना रांजणांशी देणंघेणं होतं ना वाइनशी. डॉक्टरांनी त्यांना घोटभरही घ्यायची बंदी केली होती. पण भावाच्या घरात काही शिजतंय असं कानावर आलं की आत्यांचा पाय स्वतःच्या घरात ठरत नसे. "मी आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही," असं त्यांनी फोनवर बजावलं आणि सकाळच्या बसने छोटी बॅग घेऊन हजर झाल्या. बॅग छोटी होती म्हणून थोरलीला जरा हायसं वाटलं. मोठी बॅग म्हणजे मोठा मुक्काम, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

थोरली स्वयंपाकघरात अंडी उकडत होती. घरात सून एकच, पण धाकट्या नणंदेला सगळे बारकी म्हणत, म्हणून मग हिला थोरली म्हणायला लागले आणि ते चिकटलं. बारकी आता चाळिशी ओलांडून गेली होती आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच होती. तेही नाव काही सुटलं नाही.

"काय गं, कुणाच्या बाजूने आहेस तू?" आत्यांनी पर्स टेबलावर ठेवता ठेवताच विचारलं.

"आधी चहा घ्या आत्या."

"म्हणजे सांगणार नाहीस. शहाणी आहेस. मी मात्र उघड सांगते, मी दादाच्या बाजूने. ज्या रांजणांतून बाहेर पडायला या घराच्या दोन पिढ्या गेल्या, त्यात परत उड्या कसल्या मारायच्या? तो एवढा शिकलाय, चकचकीत टाक्या आहेत, बटण दाबलं की गार, बटण दाबलं की गरम. आणि ही बाई मातीत पुरतेय."

थोरलीने नुसतं हसून चहा पुढे केला. कुणाच्या बाजूने, हे तिला तिचंच नीट कळलेलं नव्हतं. दादा तिचा नवरा. त्याला खालची शेड हवी होती. येत्या हंगामाआधी तिथली जमीन सपाट करून नव्या टाक्या बसवायच्या, हे त्याचं गेल्या कित्येक वर्षांचं गणित. त्यासाठी गटार खोदायला घेतलं आणि खोदता खोदता पहार खणकन वाजली. पणजोबांच्या वेळचे रांजण निघाले, गळ्यापर्यंत पुरलेले. सगळे फुटलेले, एक तेवढा धड. बारकी तेव्हा शहरातल्या संग्रहालयात फुटकी भांडी जोडायचं काम करत होती. बातमी कळल्यावर ती बघायला म्हणून आली आणि परत गेलीच नाही. तिने रांजणातली वाइन अजून करणाऱ्या दूरदेशीच्या माणसांना गाठलं, त्यांच्याकडे राहून शिकली, कुंभार शोधला, जुन्या रांजणाच्या मापाचा एक नवा घडवून घेतला आणि भावाकडे एक हंगाम मागितला.

दादाने तो दिला होता. मनाने तो वाईट कधीच नव्हता. फक्त अट घातली होती. वसंतात रांजण उघडायचे, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, चव घ्यायची. आप्पा हो म्हणाले तर शेड बारकीची, नाही म्हणाले तर रांजण उपटून जमीन सपाट. आप्पांचा शब्द शेवटचा.

आणि थोरलीला धास्ती होती ती नेमकी याच गोष्टीची.

आप्पांचं नाक म्हणजे या खोऱ्यातली एक चीज होती. पेला नुसता नाकाजवळून फिरवला की द्राक्षं उताराच्या वरच्या अंगाची की खालच्या, तोडायला उशीर झाला होता की घाई, पिंप नवं की जुनं, सगळं सांगत. शेजारपाजारचे मळेवाले आपापल्या बाटल्या घेऊन ओट्यावर येऊन बसत. आत्या धाकट्या भावाबद्दल म्हणायच्या, बाळ्याने आयुष्यभर नाकाने कांदे सोलले आणि लोकांनी ते कौतुकाने खाल्ले.

ते नाक गेलं होतं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात आप्पांना मोठा ताप आला, त्यातून ते उठले, हिंडूफिरू लागले. एक दिवस थोरली अंगणातून धावत आली तेव्हा दूध जळून भांडं काळं पडलं होतं, घरभर जळका वास कोंडला होता, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर आप्पा शांतपणे पेपर वाचत बसले होते. तिने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी भांड्याकडे बघितलं. मग पेपरची घडी घालत म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

ती बोलली नाही. कुठल्या टाकीतली वाइन किती मिसळायची, ते हंगामाचं मिश्रण ठरवायची वेळ आली तेव्हा आप्पांनी तिला बाजूला बसवून घेतलं. दादा एकेका टाकीतला पेला आणून ठेवायचा आणि आप्पा म्हणायचे, "सूनबाई, आधी तू सांग. बघू किती शिकलीस." ती सांगायची. आप्पा मान हलवायचे, कधी मुद्दाम "अंहं, नीट बघ" म्हणायचे, ती पुन्हा वास घ्यायची, आणि शेवटी ती जे म्हणेल त्यालाच दुजोरा द्यायचे. दादाला वाटायचं, म्हातारा जाता जाता बायकोला विद्या देतोय. त्याचं त्याला केवढं अप्रूप. ते मिश्रण गेल्या वर्षी फार गाजलं.

आजही तसंच करायचं ठरलं होतं. सकाळीच आप्पांनी तिला हळूच विचारलं होतं, "तू माझ्या शेजारीच उभी राहशील ना?"

"राहीन की."

"आणि जे असेल तेच सांगायचं. दादा तुझा नवरा आहे म्हणून नाही आणि बारकी लाडकी आहे म्हणूनही नाही."

"लाडकी तुमची आहे. मला तिने किती छळलंय ते तुम्हाला माहीत नाही," थोरली म्हणाली, आणि दोघेही हसले.

शेडमध्ये सगळे जमले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. दार उघडं टाकलं होतं, तरी आत गारवा होता. जमिनीतून दोन रांजणांची तोंडं तेवढी वर आलेली, त्यांवर दगडी झाकणं, आणि झाकणांच्या कडेने लिंपलेली माती वाळून तिला भेगा गेलेल्या. जवळचा रांजण पणजोबांचा. पलीकडचा नवा. नव्याच्या शेजारी त्याला घडवणारा कुंभार हाताची घडी घालून उभा होता. आडव्या अंगाचा, अबोल माणूस. बारकी गुडघ्यांवर बसून लिंपण खरवडत होती आणि पट्टी सारखी दगडावरून घसरत होती. दादाने ते बघितलं आणि तिच्या हातातली पट्टी घेऊन उरलेली माती स्वतः सोडवायला लागला.

"वाकू नकोस गं एवढी, केस जातील आत," तो म्हणाला.

"गेले तर गेले. तुला नाव ठेवायला एक कारण."

"मला कारणांची कमी नाही."

आत्यांनी सभोवार नजर टाकली. "बसायला काही आहे की नाही इथे? बाळ्याला काय उभा ठेवणार आहात तासभर? जा गं थोरले, खुर्च्या घेऊन ये दोन. आणि माझी शाल. टेबलावर राहिली."

"आत्या, मी जरा नंतर..."

"नंतर कशाला? झाकण निघायला वेळ आहे अजून. जा पटकन."

थोरलीने आप्पांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच "जा" म्हटलं. थोरल्या बहिणीपुढे त्यांचं सत्तरी उलटल्यावरही काही चालत नसे. ती जवळजवळ पळतच वर गेली. शाल टेबलावर नव्हती, ती आत्यांच्या बॅगेत होती, बॅगेची चेन अडकली होती. शेवटी तिने स्वतःचाच स्वेटर उचलला, दोन खुर्च्या दोन हातांत धरल्या आणि उताराची वाट धरली.

शेडच्या दाराशी तिला वास आला. कुजक्या अंड्यांचा, गच्च, नाकात घुसणारा. दार ओलांडलं तर दादाने रुमाल नाकाला लावलेला, आत्यांनी तोंड फिरवलेलं, कुंभार दोन पावलं मागे सरकलेला आणि बारकी पांढरीफटक. पणजोबांच्या रांजणाचं झाकण बाजूला होतं. आणि आप्पा, दोन्ही हात काठावर टेकून, अगदी तोंडाशी वाकलेले.

थोरलीला हाक मारावीशी वाटली. पण काय म्हणून मारणार?

आप्पांनी छान लांब श्वास घेतला, सावकाश सरळ झाले आणि समाधानाने मान डोलावली.

"सुरेख," ते म्हणाले. "मोकळा वास आहे. फळ टिकलंय."

आत्यांच्या तोंडून आधी फुटलं.

"बाळ्या, अरे इथे टोपलीभर अंडी फुटल्यासारखं वाटतंय, आणि सुरेख काय?"

आप्पांचा चेहरा एका क्षणात उतरला. त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, मग दारातल्या थोरलीकडे. तिने खुर्च्या खाली ठेवल्या. पण दादाला भलतंच वाटलं होतं. तो रुमाल खिशात कोंबत पुढे आला.

"आप्पा, बारकीला शेड द्यायची असेल तर तसं सरळ सांगा. तुमचंच आहे सगळं. मी एका शब्दाने आडवा येणार नाही. पण हे असं? आयुष्यभर तुमच्या शब्दावर आम्ही वाइन केली. त्या नाकाला कशाला खोटं बोलायला लावता?"

"दादा," बारकी म्हणाली, "मी आप्पांना काहीही सांगितलेलं नाही. आणि आप्पा, मला असली दया नको. नासलं असेल तर नासलं म्हणा. मी ओतून देईन."

बहीणभावांचं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही बापाच्या विरुद्ध. आप्पांना लबाड म्हणवून घेताना बघणं थोरलीला जमणारं नव्हतं. ती पुढे झाली, तोंड उघडलं, पण आप्पांनी हात वर करून तिला थांबवलं.

"नाक खोटं बोलत नाही रे," ते म्हणाले. "नाक आता बोलतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वास येत नाही मला. कसलाच. तो ताप आला होता ना, त्याच्यानंतर गेला. डॉक्टर म्हणाले येईल, कदाचित नाही येणार. नाही आला."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. आत्यांनी थोरलीने खाली ठेवलेली एक खुर्ची उचलली, भावाच्या मागे सरकवली आणि त्याच्या खांद्यावर दाब देऊन त्याला बसवलं.

"सांगायचं नाहीस का रे," त्या हळूच म्हणाल्या. "मी काय परकी?"

"तुला सांगितलं असतं तर अख्ख्या खोऱ्याला कळलं असतं."

"तेही खरं."

दादाच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. हिशेब जुळत नसला की तो असाच दिसे. "त्या तापानंतर," तो म्हणाला. "पण गेल्या वर्षीचं मिश्रण त्याच्यानंतर झालं. ते तुम्ही..." आणि मग त्याने थोरलीकडे बघितलं.

तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याची अशी नजर तिने कधी बघितली नव्हती. राग म्हणावा तर राग नव्हता, आणि दुसरं काय होतं ते ओळखता येईना.

"ते मिश्रण हिचं आहे," आप्पा म्हणाले. "पहिल्या थेंबापासून शेवटच्यापर्यंत. मी नुसती मान हलवली."

दादा वळला आणि शेडबाहेर निघून गेला.

बारकी उठून थोरलीजवळ आली. "वहिनी," तिने तिचा हात धरला. हात मातीने माखलेला होता. "तू एवढं सगळं एकटीने..."

"राहू दे गं. ते गेले बघ."

"येईल. डोकं फिरलं की चक्कर मारून येतो तो. लहानपणापासून."

"माझ्याशी कधी नाही फिरलं त्यांचं डोकं."

कुंभाराने घसा खाकरला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "हा रांजण पणजोबांचा आहे," त्याने जवळच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "माझा तो पलीकडचा. म्हणजे आपलं सांगून ठेवतो."

आत्यांना हसू आवरेना. त्यांच्यामागोमाग बारकीलाही, आणि मग आप्पाही खुर्चीत हलायला लागले. थोरली हसली नाही. तिचं लक्ष दाराकडे होतं.

दादा आला तो हातात तांब्याच्या नळीचा बोटभर तुकडा घेऊन. टाक्यांच्या गार पाण्याच्या जोडणीतला उरलेला असावा. कानशीने घासून त्याने तो लख्ख केला होता. तो रांजणापाशी वाकला, लांब दांड्याच्या पळीने थोडी वाइन काढून पेल्यात घेतली. रंग बघून आत्यांच्या तोंडून "अगंबाई" निघालं. पांढऱ्या द्राक्षांची वाइन, पण सालांबियांसकट मुरलेली, त्यामुळे कडक चहावर मध ओतावा तशी दिसत होती. दादाने तांब्याचा तुकडा पेल्यात टाकला आणि पेला गोल गोल फिरवत राहिला.

"गाळावर बंद राहिली की असा वास धरते कधीकधी," तो म्हणाला. बोलणं बारकीशी होतं, नजर पेल्यावर. "नासलेली नसते. तांब्याने वास उतरतो. आधी मोकळी हवा द्यायची, उंचावरून धार सोडायची. माझी मागची टाकी रिकामी आहे. त्यात घेऊ."

बारकी त्याच्याकडे वळली. "तुला शेड हवी होती ना रे?"

"शेड हवी आहे. म्हणून काय वाइन मरू द्यायची?"

त्याने पेला थांबवला, तुकडा चमच्याने बाहेर काढला आणि पेला पुढे केला. आप्पांपुढे नाही, बहिणीपुढे नाही आणि स्वतःच्या नाकाकडेही नाही. थोरलीपुढे.

"बघ," तो म्हणाला. "गेला का?"

तिने पेला घेतला. डोळे मिटले. सगळे थांबले आहेत हे तिला कळत होतं, आणि आज पाठीशी मान हलवणारं कुणी नव्हतं. आधी तिला कसलाच वास आला नाही. मग हळूहळू एकेक येत गेलं.

"बराचसा गेलाय," ती म्हणाली. "कडेला थोडा आहे. त्याच्याखाली वाळलेली जर्दाळू. अक्रोडाच्या आतल्या सालीसारखं काहीतरी कडसर. थंड झालेला चहा. आणि रांजणाला आतून लावलेलं मेण." तिने एक घोट घेतला. "चांगली आहे. पण बाटलीत भरण्याइतकी अजून नाही. टाकीत घ्या, महिनाभर बघू. नाही सुधारली तर ओतायची. मी सांगेन."

"मी सांगेन" हे शब्द तिच्या तोंडून सहज गेले, आणि गेल्यावर तिचे तिलाच ऐकू आले. आप्पा खाली बघून गालात हसत होते.

कुंभाराचा रांजण उघडला तेव्हा कुणी रुमाल काढला नाही. झाकण सरकलं आणि थोरली उभ्या जागीच म्हणाली, "ही स्वच्छ आहे." सालं, बिया सगळं तळाशी बसलेलं, वर वाइन इतकी निवळ की रांजणाच्या आतल्या भिंतीवरची कुंभाराची बोटं दिसत होती, थरावर थर चढवताना उमटलेली. तो गुडघ्यांवर बसून आत बघत राहिला. बारकीही त्याच्या शेजारी वाकली होती, आणि दोघांची डोकी किती जवळ आहेत हे आत्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी थोरलीला कोपराने ढोसलं. थोरलीने न कळल्यासारखं केलं.

पेले भरले गेले. आप्पांनी आपला घेतला तो सवयीने. वास घ्यायचं सोंग आता करायचं कारण नव्हतं, तरी पेला नाकाशी गेलाच. मग त्यांनी घोट घेतला आणि थांबले. भुवया वर गेल्या. दुसरा घोट त्यांनी तोंडात धरून ठेवला, गालांतून फिरवला, जीभ टाळूला लावून बघितली.

"काय झालं आप्पा?" बारकीने घाबरून विचारलं.

"थांब." त्यांनी तिसरा घोट घेतला. "अगं, ही लागतेय मला."

"लागतेय म्हणजे?"

"तुझ्या दादाची वाइन उत्तम असते. पण वास गेल्यापासून मला ती आंबट पाण्यासारखी लागते. त्याचा काय दोष, सगळ्यांचीच तशी लागते. गार आणि आंबट, बस. ही तशी नाही. ही पकडते. हिरड्यांना धरून ठेवते. कुणी खरखरीत हाताने गालावरून हात फिरवावा तशी." त्यांनी पेला उजेडात धरला. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की तोंडात काहीतरी आहे."

"सालांचा तुरटपणा," दादा म्हणाला. "त्याला वास लागत नाही. तो स्पर्शच असतो." त्याने स्वतः एक घोट घेतला, मग आणखी एक. "बारके, किती दिवस ठेवली होतीस सालांवर?"

"अख्खा हिवाळा."

"हं," दादा म्हणाला. या एका हुंकारात त्याची बरीचशी शरणागती होती, आणि बारकी एवढी शहाणी की तिने ती ओढून घेतली नाही.

आत्यांनी मात्र पेला उचलला. "आत्या, डॉक्टर," थोरली म्हणाली. "डॉक्टर इथे आहे का?" म्हणून त्यांनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "माझ्या आजोबांची अशीच असायची. तेव्हाही आवडायची नाही." आणि पेला रिकामा करून खाली ठेवला.

जेवण त्यांनी तिथेच मांडलं. कुंभाराने दोन पिंपांवर फळी टाकली, थोरलीने वरून पाव, अंडी, चीज आणि फळं आणली. खाणं निम्म्यावर आलं तेव्हा दादाने विषय काढला.

"ठरल्याप्रमाणे शब्द आप्पांचा. सांगा आप्पा. शेड कुणाची?"

"माझा शब्द असा की थोरलीला विचारा."

"आप्पा, हे बरोबर नाही," थोरली म्हणाली. "एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला बारकी. मला घरात राहायचंय."

"म्हणूनच तू. आम्हाला कुणाला तरी दुखवायची सवय आहे. तुला नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते. थोरलीने हातातला पाव खाली ठेवला. गेले कित्येक महिने हा प्रश्न तिच्या डोक्यात रात्रंदिवस फिरत होता, पण आज तिला तो वेगळाच दिसत होता. टाक्यांना शेडच कशाला हवी होती?

"रांजण राहू देत," ती म्हणाली. "आजची चव घेऊन ते उपटा म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. पण नवे आणखी पुरायचे ते यांना विचारून. आज यांनी तो तुकडा आणला नसता तर एक अख्खा रांजण गेला असता. बारके, कबूल?"

"कबूल."

"आणि टाक्या उत्तरेच्या खोलीत बसतील. गारही आहे, पाण्याची जोडणीही जवळ."

"उत्तरेच्या खोलीत?" दादा म्हणाला. "तिथे तर..."

तो थांबला आणि आत्यांकडे बघितलं. बारकीने बघितलं. आप्पांनी अंडं सोलता सोलता बघितलं. उत्तरेच्या खोलीत आत्यांचं सामान होतं. लग्न होऊन जाताना "नंतर नेते" म्हणून ठेवलेलं शिसवी कपाट, दोन पलंग, आरशाचं टेबल आणि ट्रंकांची एक उतरंड. ते नंतर अजून उजाडलं नव्हतं.

"म्हणजे माझ्यावर आलं का शेवटी?" आत्या म्हणाल्या. "मी भांडण बघायला आले होते."

"तुम्ही यांच्या बाजूने आहात ना?" थोरलीने अगदी साधेपणाने विचारलं. "मग यांच्या टाक्यांना जागा द्या."

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग आप्पांकडे वळून म्हणाल्या, "बाळ्या, हिला मी गरीब गाय समजत होते."

"मीही," दादा म्हणाला.

"कपाट मी नेईन," आत्यांनी जाहीर केलं. "पलंग तुम्हाला. ट्रंका मी उघडून बघेन, आणि त्या बघायला मला चार दिवस लागतील. राहावं लागेल."

छोट्या बॅगेवर भिस्त ठेवायला नको होती, हे थोरलीला आता कळलं. पण तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

दुपारी पंप लावला. पणजोबांच्या रांजणातली वाइन दादाने उंचावरून, पातळ धारेने टाकीत सोडली आणि बारकी टाकीच्या तोंडाशी उभी राहून दर थोड्या वेळाने "उतरतोय वास" म्हणत राहिली. सालं, बिया, गाळ सगळं उपसून झालं. रांजण लगेच धुवायला हवा होता, नाहीतर वास मातीत मुरला असता. पंखा लावून आत हवा खेळवली. प्रश्न एवढाच उरला की आत उतरायचं कुणी. कुंभाराचे खांदे तोंडातून जाणं शक्य नव्हतं. बारकी उतरू शकली असती, पण उंचीमुळे तिला आत वाकायला जागा नव्हती.

"आमच्या वेळी मला उतरवायचे," आत्या खुर्चीतून म्हणाल्या. "चिपाड होते मी तेव्हा. खालून वर घासायचं, गोल गोल, आणि मध्ये थांबायचं नाही. आता मात्र माझ्याकडे बघू नका."

दादाने घड्याळ काढून थोरलीच्या हातात दिलं. बूट काढले, स्वेटर काढला.

"अहो, तुम्ही?"

"दुसरं कोण मावतंय?"

शिडी धरून तो उतरला आणि दिसेनासा झाला. मग खालून ब्रशचा आवाज येऊ लागला, पोकळ, एका लयीत. बारकी आणि कुंभार गरम पाणी आणायला वर गेले. आप्पांना खुर्चीत डुलकी लागली होती आणि आत्या शेजारी बसून त्यांच्यावरच्या माशा वारत होत्या. थोरली रांजणाच्या काठाशी बसली.

ब्रश थांबला.

"मला का नाही सांगितलंस गं?" खालून आवाज आला. रांजणात तो घुमून, जरा मोठा होऊन येत होता.

"त्यांनी शब्द घेतला होता."

"वर्षभर मी त्या मिश्रणाचं कौतुक करत होतो. जेवताना, उठताबसता. आप्पांचं नाक, आप्पांचं नाक. तू समोर बसून वाढत होतीस."

"ऐकत होते की."

"राग नाही आला?"

थोरलीने जरा विचार केला. "नाही. छान वाटायचं. तुम्ही कधी कुणाचं एवढं कौतुक करत नाही. मी आपली गुपचूप सगळं माझ्या खात्यात जमा करून घ्यायची."

मग तो हसला. ते हसू मातीच्या भिंतींवरून फिरत वर आलं आणि ब्रश पुन्हा सुरू झाला. बारकीने गरम पाण्याची बादली आणून दिली, ती दोरीने खाली सोडली, वर घेतली, पुन्हा सोडली. तीन-चार बादल्यांनंतर पाणी स्वच्छ येऊ लागलं.

"वाक जरा," तो खालून म्हणाला. "राहिलाय का वास बघ. मला आता काही कळेनासं झालंय."

ती काठावर हात टेकून आत वाकली. खाली अंधुक उजेडात त्याचा वर वळलेला चेहरा, भिजलेले केस, कपाळावर द्राक्षाची एक बी चिकटलेली. तिने श्वास घेतला. अंड्यांचा वास कुठेच नव्हता. ओली माती होती, कोमट मेण होतं, आणि घामेजलेला तो.

"आता नुसता तुमचा येतोय," ती म्हणाली, आणि त्याला वर घ्यायला तिने हात पुढे केला.